द्राक्षबागेतल्या मास्कची कबुली

मित्रांनो, मी फवारणीच्या वेळी तोंडावर चढवायचा एक जुना रबरी मास्क आहे. माझ्या दोन्ही गालांवर दोन गोल फिल्टर असतात. ते विषारी हवा अडवतात आणि आतल्या माणसाला चांगली हवा मिळते. निदान माझा जन्म तरी त्यासाठीच झाला.

कारखान्यातून मी वाइनच्या द्राक्षांच्या एका बागेत आलो. तिथे ट्रॅक्टरवरून औषध फवारणारा एक उंच माणूस होता. त्याला सगळे लंबू म्हणत. त्याची थोरली बहीण त्याच बागेत वेली तारेला बांधायची. पहिल्या दिवशी तिनेच माझे पट्टे त्याच्या डोक्यामागे आवळले आणि आता अगदी घोडा दिसतोस, असे म्हणून ती हसली. काम संपले की लंबू मला साबणाने धुवायचा, सावलीत वाळवायचा. त्या काळात माझे फिल्टर दर महिन्याला बदलले जात.

मग बागेवर नवे व्यवस्थापक साहेब आले. माणूस हुशार होता, खोटे कशाला सांगू? त्यांनी घडांभोवतीची दाट पाने काढायला लावली. बागेत वारा खेळू लागला, भुरी हा वेलींवरचा बुरशीचा रोग कमी पडू लागला आणि वर्षाच्या चौदा फवारण्या सातवर आल्या. पाणी, डिझेल, औषध, सगळेच वाचले. मालक खूश झाले. लांबलांबचे बागायतदार बघायला येऊ लागले.

या काटकसरीत एक दिवस माझाही नंबर लागला. फवारण्या निम्म्या झाल्या, म्हणजे फिल्टरही दुप्पट टिकतील, असे साहेबांना वाटले. पुढे तर अख्ख्या हंगामाला एकच जोडी पुरे ठरली. पण मित्रांनो, पाकिटातून काढलेला फिल्टर नुसता खुंटीला टांगून ठेवला, तरी निकामी होत जातो. हे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

लंबूला आत औषधाचा वास येऊ लागला. त्याने साहेबांना तसे सांगितलेही. एवढा हंगाम काढ, असे ते म्हणाले. त्याने काढला. असे तीन हंगाम गेले आणि त्याला खोकला जडला. ताई खोकल्यावरून त्याला रागावली, की तो म्हणायचा, "अगं ताई, मास्क असतो ना तोंडावर."

हे वाक्य मला अजून सोसत नाही. मी नसतो, तर त्याने ट्रॅक्टर थांबवून औषधाचा ढग खाली बसू दिला असता. कदाचित काम नाकारलेही असते. माझ्या भरवशावर तो त्या ढगात शिरत राहिला.

चौथ्या वर्षी छाटणीच्या दिवसांत त्याला वेलींची एक ओळ चालून जाता येईना. फुप्फुसे पुन्हा पहिल्यासारखी होणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. आता तो उशांना टेकून, बसूनच झोपतो.

साहेब भेटायला आले. पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले. ताईने मला बागेतल्या शेडमधून घरी आणले होते. तिने मला त्यांच्या हातात दिले.

"हा घाला आणि एक मोठा श्वास घ्या."

त्यांनी घातला. आतल्या वासाने त्यांना ठसका लागला. मला घाईघाईने काढून ते म्हणाले, "मला वाटलं, चालतंय."

"त्यालाही तेच वाटलं," ताई म्हणाली.

लंबू उशांवरून थोडा पुढे झाला. मग थांबत थांबत त्याने विचारले, "ट्रॅक्टरवर... आता कोण आहे?"

नवा माणूस ठेवलाय, असे साहेब म्हणाले.

"त्याच्या मास्कचे फिल्टर बदललेत?"

 साहेब उठले आणि तसेच बागेकडे गेले.

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी असे काम करत असेल, तर त्यांना विचारा, फिल्टर शेवटचा कधी बदलला? त्यांना आठवत नसेल, तर त्या दिवशी त्यांना फवारणीला जाऊ देऊ नका. हट्ट करा, रडा, दारात आडवे पडा. तुमचे ते ऐकतील. माझे कोणाला ऐकू येत नाही.