कोचीनहून आलेल्या कुप्या

ललिता तायडे अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. तिचे वडील देवमन मूर्तिजापूरला छोट्या गाडीच्या रुळांवर गँगमन. त्यांची धाव यवतमाळापासून अचलपुरापर्यंत, आणि तिची कॉलेजच्या सहलीसोबत नागपूरपर्यंत झालेली. तरी ६४ सालच्या उन्हाळ्यात हिंदी महासागराचा एक वाटा तिच्या हवाली होता. तो लाकडी खोक्यात, बोटाएवढ्या काचेच्या कुप्यांमध्ये, कोचीनहून रेल्वे पार्सलनं आला होता.

त्या वर्षांत देशोदेशीची जहाजं हिंदी महासागरात फिरत होती. ठरलेल्या ठिकाणी थांबायचं, बारीक जाळं खोल सोडायचं, वर ओढायचं आणि जे सापडेल ते जपून ठेवायचं. कोचीनच्या केंद्रात त्या जिवांची जातवार निवड होई आणि एकेक जात तिच्या जाणकाराकडे जाई. ललिताचे वरिष्ठ वामनराव असेच एक जाणकार. ऑस्ट्राकॉड नावाचा तिळाहून लहान जीव, शिंपल्यासारख्या दोन झाकणांत राहणारा. वऱ्हाडातल्या तळ्यांतले आणि डोहांतले ऑस्ट्राकॉड शोधण्यात वामनरावांची उमर गेली होती. आता समुद्रातले त्यांचे भाऊबंद मोजायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि नेमका त्याच वेळी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, पिकू द्या, दिवाळीनंतर काढू.

मग दोघांनी काम वाटून घेतलं. ललिता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दिसेल ते बोलायची. चोच आहे, कवचावर आडव्या रेघा, मागच्या कोपऱ्यात काटा. वामनराव डोळे मिटून ऐकायचे, एखाददुसरा प्रश्न विचारायचे आणि नाव सांगायचे. हळूहळू प्रश्न कमी झाले. पुढं पुढं ललिताच नाव सांगू लागली आणि सर नुसते मान हलवू लागले.

मे महिन्यात सुटी लागली. वामनराव शेंदूरजनाघाटला आपल्या घरी गेले. ललिता मागं राहून काम उरकत होती. प्रयोगशाळेवर पत्रे होते, आणि अमरावतीचं ऊन त्या वर्षी असं काही पेटलं होतं की दुपारी दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसे. एका सकाळी तिनं खोकं उघडलं तर बुचं सुकून आकसलेली. बऱ्याच कुप्यांतलं जीव टिकवणारं स्पिरिट उतरलं होतं, आणि दोन कुप्या पार कोरड्या पडल्या होत्या. त्यातल्या जिवांना तिनं ब्रशचं टोक लावलं मात्र, कवचांचा भुगा झाला.

ज्या जहाजानं ते जाळं टाकलं होतं ते त्या जागी पुन्हा कधी जाईल, जाईल की नाही, कोणी सांगावं? शेल्फात थोडं स्पिरिट उरलं होतं, ते तिनं बाकीच्या कुप्यांत थेंब थेंब वाटलं. आणखी आणायचं तर दारूबंदीचे दिवस. स्पिरिटाला परवाना लागे, आणि परवान्याचं पाहणारे कारकून जूनशिवाय उगवणार नव्हते. तिनं सरांच्या बगीच्याबद्दल ऐकलं होतं. संत्र्याची दाट झाडी, खोल विहीर. तिनं निरोप धाडला. सरांचं उलट टपाली उत्तर आलं, ये म्हणून.

देवमन तिला बसवर बसवून द्यायला मुद्दाम मूर्तिजापूरहून आले. कोणाच्या घरी राहणार, हे त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी खोकं आणि सूक्ष्मदर्शकाची पेटी आपल्या हातानं बसमध्ये ठेवली, आणि एक भरलेली सुरई तिच्या पायाशी ठेवून म्हणाले, "आपलं पाणी आपल्यापाशी असू दे, बाई. मांगायची पाळी येऊ देऊ नको."

छप्पन साली घरच्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ललिता शाळेत होती. आपण आता कोणापुढं वाकायचं नाही, हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं. तेच वडील सुरई देत होते, याचं तिला वाईट वाटलं. राग मात्र आला नाही.

मोर्शी, वरूड करत ती दुपार कलल्यावर पोचली. वामनरावांना हायसं वाटलं. बगीच्यातल्या विहिरीत दोरानं टोपली सोडून कुप्या पाण्याच्या वर, गारव्यात टांगून ठेवायच्या, असं त्यांनी मनाशी योजलंही होतं. तेव्हा झाडं ताणावर होती. मृगाचा बहार धरायचा म्हणून पाणी तोडलेलं, त्यामुळे मोटही बंद आणि विहीर निवांत. पण बगीचा पाहायचे ते त्यांचे मोठे भाऊ रामराव. त्यांनी खोक्याकडं पाहिलं, ललिताकडं पाहिलं आणि म्हणाले, "विहिरीत नोको, वामन. मेलेले जीव अन् वरून ते स्पिरिट. घरचं प्यायचं पानी हाये."

कारण पटण्यासारखं होतं. पण ते सांगताना त्यांची नजर खोक्यावर नव्हती, आणि ते तिघांनाही कळलं. वामनराव काहीतरी बोलायला गेले. ललितानं त्यांना थांबवलं.

"राहू द्या, सर. विहिरीचं काई अडलं नाई. मले सावलीची जागा अन् वाळू द्या, बस."

संत्री भरायची एक टपरी होती, तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड आणि वर जाड गवताचं छप्पर. तिथं एका कोपऱ्यात कलमं ठेवायला वाळू टाकलेली होती. ललितानं दोन मोठे माठ त्या वाळूत गळ्यापर्यंत पुरले, आत कुप्या उभ्या रचल्या, तोंडाला ओलं गोणपाट बांधलं आणि वाळू भिजवून घेतली. प्रत्येक बूच मेणानं बंद केलं. आईचा पाण्याचा रांजण असाच वाळूत असायचा, त्यात काही नवल नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं हात घालून पाहिलं तर आत चांगलं गार होतं.

मग रोजचा क्रम लागला. पहाटे उजाडलं की ऊन चढेपर्यंत काम. वामनराव बाजेवर बसून ऐकत, ललिता पाहत आणि मोजत असे. वाळू भिजवायला लागणारं पाणी बगीच्याचा गडी पुंजाराम काढून द्यायचा. तिच्या प्यायला मात्र सुरईच होती, आणि ती पुंजाराम आपण होऊन भरून ठेवायचा.

वामनरावांची बायको दुर्गाबाई चहा घेऊन येऊ लागली. पहिल्या दिवशी ललितासाठी काचेचा पेला वेगळा होता. ललितानं तो पाहिला, चहा घेतला आणि पेला विसळून वाळूवर उपडा ठेवला. चार-सहा दिवसांनी दुर्गाबाई तिथंच टेकली आणि मला काय ते दाखव, म्हणाली. ललितानं तिला सूक्ष्मदर्शकाचं चाक कसं फिरवायचं ते दाखवलं. दुर्गाबाई किती तरी वेळ डोळा लावून बसली.

"हे समुद्रातलं?" तिनं विचारलं.

"हो. मासे हेच खाऊन जगतात."

"अन् हे नसले तं?"

"मंग मासेबी नाई. म्हणून तं मोजून राहिलो."

दुर्गाबाईनं हे रात्री घरात सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांसाठी कपबशा आल्या, एकसारख्या. कोणता कप कोणाचा हे कोणी पाहत नव्हतं.

रामराव टपरीकडं येत, पण छपराबाहेर थांबत. एवढा अफाट समुद्र, त्याचं थेंबभर मोजून काय कळणार, असं त्यांनी भावाला विचारलं. वामनराव म्हणाले, "तू बगीच्यात चार झाडांच्या बुंध्यांले रोगाचा डिंक पाहतं अन् साऱ्या बगीच्याचं सांगतं ना दादा? पण निरोगी झाड कसं असते हे तुले ठाऊक हाये म्हणून सांगतं. समुद्राचं अजून कोणालेच ठाऊक नाई. आज तो कसा हाये हे लिहून ठेवलं, तं उद्या बिघडला हे समजंल."

काम संपत आलं तेव्हा त्या दोन कोरड्या कुप्यांचा प्रश्न उभा राहिला. जिथं त्या भरल्या, त्या दोन्ही जागा पश्चिम किनाऱ्यासमोरच्या, एका ओळीत होत्या. अलीकडचे आणि पलीकडचे आकडे होते, मधेच भगदाड. वामनरावांना ते खुपत होतं. पहिलंच मोठं काम, आणि त्यात आपल्या हातून झालेलं नुकसान. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "ललिता, आजूबाजूच्या जागा सारख्याच आहेत. मधलं अंदाजानं भरलं तर फार चुकणार नाही."

ललितानं सूक्ष्मदर्शकावरून मान उचलली. सरांनी असं कधी म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. त्यांचे अधू डोळे तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला रोखलेले होते.

"सर, वीस वर्षांनी कोणी त्याच जागी जाळं टाकेल. आपला आकडा समोर ठेवून तो ठरवेल, समुद्र सुधारला का बिघडला. आपण अंदाज लिहिला तर तो बिचारा आपल्या अंदाजाशी ताडून पाहील. समुद्राशी नाही."

"मग काय लिहायचं?"

"कुप्या आमच्याकडं वाळल्या, असं. आमच्याकडं, असंच."

वामनराव म्हणाले, "लिही. चूक माझी म्हणून लिही, खोकं माझ्या नावावर आलं होतं." ललितानं तसं लिहिलं नाही. दोघांची म्हणून लिहिली.

त्याच संध्याकाळी रामराव टपरीत आले, पहिल्यांदाच छपराखाली. माठाशी वाकले, गोणपाटाला हात लावून पाहिला. म्हणाले, "ऊन अजून चार दिवस उतरत नाई. विहिरीत सोडाच्या असतीन तं सोड, पोरी. मी दोर काढून ठेवला."

ललिताला त्यांचा आवाज वेगळा वाटला. इतक्या वयाच्या माणसाला हे बोलायला किती जड गेलं असेल, हे तिला समजत होतं. तरी ती म्हणाली, "नाई, दादा. आता हे इथंच बरं हाये. वाळूत काई खराब होऊन नाई राहिलं." आणि थोडं थांबून, "पन उद्या सकाळी मी सोता पानी काढीन. पुंजारामभाऊले दर येळी कायले तरास?"

"काढ," रामराव म्हणाले, आणि गेले.

सकाळी तिनं विहिरीवर जाऊन घागर सोडली. दोर लांब होता, पाणी बरंच खाली. दुर्गाबाई थुण्याच्या खांबाशी येऊन उभी राहिली आणि घागर वर आल्यावर तिनं ती काठावर घ्यायला हात दिला.

जूनमध्ये खोकं कोचीनला परत गेलं. केंद्राकडून पोच आली. दोन कुप्यांबद्दल त्यांनी हळहळ कळवली, खरं लिहिलं म्हणून आभार मानले, आणि थंडीत आणखी माल पाठवतो असंही लिहिलं.

दिवाळीनंतर वामनरावांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. जाड भिंगांचा चष्मा लावून ते प्रयोगशाळेत आले आणि सगळ्यात आधी, खोकं परत पाठवताना ललितानं जातीजातीचे ठेवून घेतलेले नमुने मागितले. सकाळभर त्यांनी एकामागून एक पाहिले. ललिता शेजारी उभी होती. दुपारी त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"हा बघ. कवचाच्या आतली कड. याला तू जे नाव दिलंस, ते हे नाही. दोघे सारखेच दिसतात, पण नाही."

तिनं पाहिलं. कड बारीक दातेरी होती. उन्हाळ्यात तिला ती दिसली नव्हती, किंवा दिसूनही तिनं सांगितली नव्हती.

"बाकीचं?" तिनं विचारलं.

"बाकीचं मी असतो तर मलाही याहून नीट जमलं नसतं."

ललितानं त्याच दुपारी केंद्राला पत्र लिहिलं, आपलं एक नाव चुकलं होतं आणि बरोबर काय ते. मग ती पोस्टात गेली, आणि परत येऊन कोचीनहून आलेल्या नव्या खोक्यातल्या पुढच्या कुपीचं मेण फोडलं.