चौदावं पान कुणी उघडलंच नाही

मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं जाम फिरलेलं आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा.

माझा जन्म २००१ सालचा, जुन्या जालन्यातल्या एका छापखान्यातला. त्या वर्षी वडीगोद्रीच्या एका शेती सल्ला केंद्रात संगणक आला. शेतकऱ्याची माहिती भरायची, की कोणतं सुधारित वाण पेरावं ते तो सांगायचा. तो कसा वापरायचा आणि कुठे चुकू शकतो, हे लिहायचं काम अनवरी नावाच्या संगणक शिकवणाऱ्या बाईकडे आलं. तिनं जिवाचं रान केलं. बांधाबांधानं हिंडून विचारलं, तुम्ही जमिनीला काय म्हणता? भारी, हलकी, मुरमाड, सगळे शब्द माझ्यात उतरवले. चौदाव्या पानावर चौकट आखून तिनं लिहिलं, "जमिनीची खोली विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका. हा रकाना रिकामा राहिला, तर संगणक जमीन भारी काळी धरतो."

एवढं वाचायला कितीसा वेळ लागतो हो?

केंद्रातल्या मच्छिंद्रनं मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात कुलूपबंद केलं. साहेब आले की दाखवायला कोरी पाहिजे, म्हणे! खंडेनवमीला तेवढं मला बाहेर काढायचा. संगणकाला हार, मला हळदकुंकू, दोघांपुढे नारळ. खोबरं वाटून झालं की मी परत आत. वर कुंकवाचे डाग, आणि आतलं एकही पान उघडलेलं नाही. कप्पाळ माझं!

दुसऱ्या वर्षी पेरणीच्या तोंडावर अंतरवालीच्या झुंबरबाई आल्या. माळावर त्यांची दोन एकर मुरमाड जमीन, आणि तीत सासूच्या काळापासून घरच्याच बियाची तूर. मच्छिंद्रनं नाव, गाव, एकर भरलं, खोलीचा रकाना तसाच सोडला आणि बटण दाबलं.

"मच्छिंदर, माही जमीन ईतभर बी खोल न्हाई. खाली समदा मुरूम. ह्ये इचारलं का तुह्या मशीननं?"

"काकू, मशीनला बराबर कळतं समदं. घरच्या बियाची आता डाळ करून खा."

मी कपाटात नुसती तडफडत होते. अरे मेल्या, चौदावं पान उघड! पण कुलपाआडून माझं कोण ऐकणार?

झुंबरबाईंनी छापील कागद पदराला बांधला. छापून आलेलं खोटं कसं असेल, असं त्यांना वाटलं. घरी जाऊन त्यांनी खरंच सगळं बी जात्यावर भरडलं. नवं वाण होतं भारी जमिनीचं, उशिरा येणारं. तूर डोक्याएवढी उंच वाढली, येणारे-जाणारे थांबून बघायचे. मग पाऊस गेला, मुरमातली ओल संपली आणि ऐन फुलात अख्खं रान वाळलं.

जानेवारीत अनवरी केंद्रात आली. माझी नवी आवृत्ती काढायची होती, काही दुरुस्ती आहे का विचारायला.

"एक बी तक्रार न्हाई, मॅडम," मच्छिंद्र म्हणाला. तेवढ्यात झुंबरबाईंनी आत येऊन तुरीचं वाळकं झाड त्याच्या टेबलावर आपटलं आणि झालेलं सगळं सांगितलं.

अनवरीनं कपाट उघडायला लावलं. माझी चिकटलेली पानं सोडवून चौदावं पान मोठ्यानं वाचलं. "हे वाचलंच नाही तुम्ही?"

"तशी गरजच पडली न्हाई."

तोंड वर करून सांगतो! मला तर त्याच्या थोबाडावर जाऊन बसावंसं वाटलं.

झुंबरबाई म्हणाल्या, "त्याला बोलून काय व्हतं, बाई? मला माहं बी पाहिजे. गावात इचारलं, पाव्हण्यारावळ्यांत इचारलं. कोणाकडंच मूठभर बी न्हाई राह्यलं. तुमच्या पुस्तकात बगा, कुठं मिळंल."

अनवरीनं मला पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. बावीस वाणं, प्रत्येकाचं नाव, पिकायचे दिवस, मिळण्याचं ठिकाण. "काय म्हणतात तुमच्या तुरीला?"

"काय म्हनायचं? आमची तूर."

"ती यात नाही, काकू." अनवरीनं मला मिटलं. "तुमच्या बांधावर आले होते मी. जमिनीचं विचारलं. पेरता काय, ते विचारलंच नाही."

तोवर माझा सगळा राग मच्छिंद्रवर होता. त्या दिवसापासून माझा मलाही राग येतो. बावीस नावं मिरवत बसले, आणि त्या माळावर जी हमखास यायची तिच्यासाठी एक ओळ नाही माझ्यात!

मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, पानं दुमडू नका, असं सांगायची आमची रीत. मला त्याचं काही पडलेलं नाही. फाटले तरी चालेल, पण वाचा मला. आणि तुमच्या घरी राखेत घोळून ठेवलेलं असं बी असेल, तर कुठल्याही छापील शब्दावर, अगदी माझ्याही, ते सगळंच्या सगळं भरडू नका. झुंबरबाईंनी भरडलं. पोळ्याच्या सुमाराला त्यांच्या घरी त्या डाळीची आमटी झाली, पोरांनी भुरके मारून खाल्ली, आणि ही तूर आता पुन्हा कधी शिजणार नाही, हे चुलीपाशी कुणाला माहीतही नव्हतं.