अंगठ्याचा ठसा

रंग चढवल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक बोलत नाही, असा निदानतज्ज्ञ मामांचा हट्ट होता. भाचीने प्रयोगशाळेत बिनरंगाचे नमुने पाहणारा सूक्ष्मदर्शक आणला, तेव्हा त्या यंत्राची फजिती करण्यासाठी त्यांनी एका बाईंच्या गाठीचा नमुना म्हणून भाचीच्या हाती चक्क कोरी काच ठेवली आणि ते मिशीत हसत मागे उभे राहिले.

"मामा, गाठीचं यात काहीच नाही," पडद्याकडे पाहत ती पुटपुटली. "त्वचेचे कण आहेत, वळणावळणाच्या रेघांत. अंगठ्याचा ठसा! नमुना माझ्याच हातून पुसला गेला हो. आता त्या बाईंना पुन्हा सुई टोचायची?"

तिचे डोळे भरून आले. मामांना धरणीने पोटात घ्यावे असे झाले.

"रडू नकोस," ते खाली मान घालून म्हणाले. "अंगठा माझा आहे. काच कोरीच होती."