हिरव्या बोर्डाचा हेवा

मोहियुद्दीनचाचांच्या मुलीचा, अरवाचा, दहावीचा निकाल लागला आणि पुढच्याच महिन्यात सफूराचाची दोन्ही मुलांना घेऊन रियाधहून कोकणात परत गेल्या. परदेशी माणसाने बायकामुलांना सौदीत जवळ ठेवणे त्या वर्षापासून महाग झाले होते. चाचा त्यांना विमानतळावर सोडून थेट कामावर आले आणि त्यांनी माझे खोके उघडले. ते २०१७ साल. मला माझे वय मोजावे लागत नाही. अरवाची दहावी आठवली की झाले.

मित्रांनो, मी एक स्नोबोर्ड आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. बर्फावरून घसरत जाण्यासाठी दोन्ही पाय पट्ट्यांत अडकवून ज्या फळीवर उभे राहतात, ती फळी म्हणजे मी. रंग हिरवा, पाठीवर १७ नंबर. बाहेर वाळवंट तापलेले असते आणि मॉलच्या आत यंत्राने बर्फ पाडून एक उतार केलेला असतो, तिथे माझे आयुष्य गेले.

माझ्याबरोबर त्याच खोक्यातून काळा बोर्ड आला. त्याच्याबद्दल मी जे सांगणार आहे ते चांगले नाही, पण खरे आहे. माझ्या मनात पहिल्या दिवसापासून त्याचा हेवा होता.

आम्हां दोघांत फरक एवढाच. मला जमिनीवर ठेवले तर माझे पोट जमिनीला टेकते आणि नाक व शेपूट वर उचललेले राहतात. या घडणीला रॉकर म्हणतात. काळा उलटा. त्याची दोन्ही टोके जमिनीला टेकतात आणि पोट कमानीसारखे वर राहते. त्याला कॅम्बर म्हणतात. तो ताठ आणि मी मऊ. मुदीरने, म्हणजे तिथल्या मॅनेजरने, काळ्याला काउंटरमागे काचेच्या कपाटात उभे केले. मला भाड्याच्या रॅकमध्ये.

दुरुस्तीच्या खोलीत चंद्रशेखर होता. कराडकडचा सुतार, हाताला चांगला, पण त्याने आयुष्यात बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता. त्याने मला बाकावर ठेवले आणि एका टोकावर बोट दाबले. मी डुललो. दुसऱ्या टोकावर दाबले, पुन्हा डुललो. त्याने कपाळाला हात लावला.

"नवा माल आणि बाक आलेला! कंटेनरमध्ये ऊन लागलं असणार."

बाक आलेली फळी सुतार जशी सरळ करतो तशीच त्याने मला सरळ करायला घेतली. पालथे घातले, दोन्ही टोकांना शिकंजे आवळले आणि वर रंगाचे सहा भरलेले डबे ठेवले. दोन दिवस मी तसा पडून होतो. कपाटातला काळा दाराच्या फटीतून मला दिसत होता. त्याला मुदीरचा मुलगा मऊ फडक्याने पुसत होता.

तिसऱ्या दिवशी मोहियुद्दीनचाचा आत आले.

"हे काय रे चंदू? लोणचं घातलंयस की काय?"

"भाई, फळी वाकली होती. आता बघा, आणखी एक दिवस ठेवली की सपाट."

चाचांनी डबे एकेक करून उतरवले, शिकंजे सोडले. मी टुणकन पुन्हा वाकडा झालो. चाचा हसले आणि माझ्या पोटावरून तळवा फिरवला.

"ही वाकलेली नाय. हिचा तळ होडीचा आहे. नाळ म्हणजे पुढचं टोक वर, पोट पाण्यात. माझ्या बापाने हर्णैला अशा किती बांधल्या. सरळ केलीस तर ती बुडेल."

"बर्फात कुठं बुडतंय?"

"तू आधी उभा राहून बघ, मग सांगतो."

मोहियुद्दीनचाचा मूळचे चिलर मेकॅनिक, म्हणजे गारवा करणारी यंत्रे दुरुस्त करणारे. आधी बारा वर्षे सौदीतल्याच यान्बूच्या कारखान्यात, मग या बर्फघराची यंत्रे सांभाळायला रियाधला. पहिला शिकवणारा नोकरी सोडून गेला तेव्हा मुदीरने सहज विचारले, कोणी उभा राहू शकतो का यावर. चाचा पंचेचाळिशीत होते. ते माझ्यावर चढले, दोनदा पडले आणि तिसऱ्यांदा खालपर्यंत गेले. लहानपणी हलत्या होडीत उभे राहिलेल्या माणसाला गुडघे कसे सैल ठेवायचे ते कोणी सांगावे लागत नाही. तेव्हापासून ते शिकवणारे झाले. शिकायला येणारा अरब असो, मलबारी असो की पाकिस्तानी, घाईत त्यांच्या तोंडून एकच शब्द निघे, "ढिल्लं! ढिल्लं!" आणि लोकांना तो कळेही.

नवशिक्याला ते मलाच देत. माझी टोके वर असल्यामुळे वळताना माझी कड बर्फात अडकत नाही. माणूस चुकला तरी मी त्याला फेकत नाही, थोडा घसरतो आणि सांभाळून घेतो. छोट्या उडीवरून उतरणाऱ्याला मी जपून खाली घेतो, लोखंडी पाइपवरून आडवा सरकणाऱ्याखाली मी हवा तसा वाकतो. पण सकाळी बर्फ दगडासारखा टणक असतो, तेव्हा कोणी सरळ वेगाने खाली निघाला की माझी टोके थडथडतात, कड धरत नाही, मी बाजूला निसटतो. तिथे काळ्याचे राज्य. तो बर्फात रेघ ओढल्यासारखा जाई. लोक काठावर उभे राहून टाळ्या वाजवत. माझ्यासाठी कोणी कधी टाळी वाजवली नाही. माझ्यावर उभा असलेला माणूस पडला नाही, यात टाळी वाजवण्यासारखे काय?

आणि शिकलेला प्रत्येक जण मला सोडून काळा मागायचा. "उस्ताद, आता तो द्या." हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! ज्यांचे पाय मी घडवले, तेच पाय त्याच्या पट्ट्यांत जात. मी रॅकमधून पाहत राही आणि आतून जळे.

एकदाच माझी जीत झाली. एका शुक्रवारी बर्फघरातले सगळे जण शहराबाहेर तांबड्या वाळूच्या टेकड्यांवर गेले. मऊ, खोल वाळू. काळा नाक खुपसून उभा राहिला आणि त्याच्यावर चढलेला आमच्या गाडीचा ड्रायव्हर डोक्यावर आपटला. मी मात्र वाळूवर तरंगत खाली गेलो. चंद्रशेखर ओरडला, "भाई, तुमची होडी चालली!" तो दिवस मी अजून जपून ठेवला आहे. परत आल्यावर काळ्याच्या कडा घासून त्याला नवे मेण लावले गेले. मला पाइपाने धुतले.

मग २०१९ साल आले. दुकानांत, काउंटरवर, सगळीकडे सौदी माणसे घ्यायची असा नियम हळूहळू पसरत होता, तो आमच्या उतारापर्यंत पोहोचला. कंपनीने मासूमा नावाची मुलगी नेमली. पूर्व किनाऱ्यावरच्या कतीफकडची, पंचवीस वर्षांची, अबायावर जाड कोट घालून येणारी. मुदीरने चाचांना बोलावून स्पष्ट सांगितले. तीन महिन्यांनी तपासनीस येतील. मासूमा पास झाली तर तुमचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे वाढणार नाही, खलास. नापास झाली तर आणखी एक वर्ष तुम्ही राहा.

त्या एका वर्षावर अरवाचे नर्सिंगचे शिक्षण होते. मासूमाला शिकवणेही चाचांच्याच हातात आणि तिला नापास करणेही.

मासूमाचा पहिला दिवस. सकाळी नऊची वेळ, बर्फ काचेसारखा टणक. मी रॅकमध्ये तयार होतो. नवी मुलगी म्हणजे ती माझीच. चाचा माझ्यासमोर आले, थांबले, माझ्याकडे न बघता पुढे गेले आणि काचेचे कपाट उघडले.

त्यांनी तिला काळा दिला.

मित्रांनो, मला क्षणभर फक्त राग आला, की आता नवशिकेही त्यालाच! मग ती पडली. वळायला गेली, काळ्याची कड अडकली आणि ती पाठीवर आपटली. पुन्हा उठली, पुन्हा आपटली. तेव्हा मला चाचांचा डाव कळला. आणि मला आनंद झाला. काळ्याची फजिती बघून झाला. ती मुलगी त्याच्यापायी चेचली जात होती याचे मला काहीच वाटले नाही. चाचा काठावर हाताची घडी घालून उभे होते. एकदाही "ढिल्लं" म्हणाले नाहीत. त्यांच्या आणि माझ्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती, आणि ती घाण होती.

असे अकरा दिवस चालले. बाराव्या दिवशी चंद्रशेखर दुरुस्तीच्या खोलीतून बाहेर आला.

"भाई, नव्या पोरीला काळा? हिरवा काय पूजेला ठेवलाय?"

"तुला काय कळतं यातलं? तू तर त्याच्यावर रंगाचे डबे ठेवले होतेस."

"मी डबे ठेवले ते न कळून. तुम्ही काय करताय ते तुम्हाला कळतंय."

त्याच वेळी मासूमा पडली आणि या वेळी उठली नाही. मनगट धरून बर्फातच बसून राहिली. चाचा खाली गेले. दोघे अर्धे अरबीत, अर्धे हिंदीत बोलत.

"उस्ताद, एक खरं सांगा," ती म्हणाली. "हे मला कधी जमणार आहे का? नसेल तर मी उद्यापासून येत नाही. घरी सगळे हसतातच आहेत."

चाचा म्हणाले, "तुझे गुडघे काठीसारखे आहेत."

"ही फळी मला वाकूच देत नाही. नाहीतर उभं राहणं मला येतं. आजोबांच्या होडीत मी पाच वर्षांची असल्यापासून उभी राहते."

"कसली होडी?"

"मासेमारीची. आमच्या तारूत बेटावर आजोबा होड्या बांधायचेही. आता कोण बांधतं? लाकूडही तुमच्याकडूनच यायचं, हिंदमधून."

चाचांनी वाकून स्वतः तिच्या पायांतले काळ्याचे पट्टे सोडले.

"मनगट हलव. हलतंय ना? बर्फ लावून बस. यल्ला, मी आलो."

ते चढ चढून वर आले आणि मला रॅकमधून काढले. तिच्यासमोर त्यांनी मला बर्फावर ठेवले आणि नाकावर बोट दाबले. मी डुललो. मासूमाने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"ही तर होडी आहे," ती म्हणाली.

"हो."

"मग पहिल्या दिवशी का नाही दिलीत?"

"माझी जागा जाणार होती म्हणून," चाचा म्हणाले. मी त्यांना याहून अवघड काही करताना पाहिलेले नाही.

मला वाटले, आता ही मुदीरकडे जाणार. तिने कोटाच्या बाहीने नाक पुसले, माझ्या पट्ट्यांत पाय घातले आणि म्हणाली, "अकरा दिवस फुकट गेले, उस्ताद. आता जेवणाची सुट्टीही नाही मिळणार तुम्हाला."

चौथ्या दिवशी ती माझ्यावरून दोन्ही बाजूंना वळत होती. महिन्याने उडी आली, पाइप आला. चाचा रोज ओरडत, "ढिल्लं! ढिल्लं!" आणि मग तिने ते वाक्य उच्चारले, जे मला ठाऊक होते. "उस्ताद, वेगाच्या उतरणीला आता तो काळा द्या."

चाचांनी दिला, आणि या वेळी तो देणे बरोबर होते. टणक बर्फावर मी तिला दगा दिला असता. हे मला कळत होते, तरी हेवा काही गेला नाही. कळण्याने तो जात नाही, मित्रांनो. फक्त त्याचे ऐकायचे की नाही, एवढेच आपल्या हाती असते.

तपासनीस आले. वळणे, उडी आणि नवशिक्याला शिकवणे तिने माझ्यावर करून दाखवले, वेग काळ्यावर. शिकवणाऱ्याचे मत लिहायच्या रकान्यात चाचांनी तीन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. मासूमा पास झाली.

नोव्हेंबरात चाचा गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हां दोघांना मेण लावले, आधी मला. चंद्रशेखर म्हणाला, "भाई, होडी घेऊन जा की गावी."

"तिकडे होड्या आहेत. इथे एकच आहे."

अरवाचे शिक्षण थांबले नाही. चाचांनी हर्णैला बर्फाच्या कारखान्यात यंत्रे सांभाळली, माशांसाठी लाद्या पाडल्या. चंद्रशेखर फोनवर त्यांना चिडवत असे, "सुटला नाहीत ना बर्फातून!"

आता माझ्या कडांना गंज आहे, एक पट्टा बदललेला आहे. काळा अजून कपाटात आहे आणि मला अजून त्याचा हेवा वाटतो, थोडा. तुम्ही कधी बर्फावर गेलात तर काम झाल्यावर आमच्या कडा पुसून ठेवा, ओले रॅकमध्ये कोंबू नका, उन्हात टाकू नका. आणि जे तुम्हाला वाकडे दिसते त्याच्यावर डबे ठेवण्याआधी एकदा विचारा, ते तसे का आहे.

हर्णैहून फोन आला तेव्हा मासूमाचा वर्ग चालू होता. चंद्रशेखर उताराच्या काठावर आला आणि त्याने तिला चाचांची बातमी दिली. तिने ऐकून घेतले. वर्ग थांबवला नाही. माझ्यावर एक सहा वर्षांची मुलगी उभी होती, गुडघे ताठ करून. मासूमा तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "ढिल्लं, हबीबती, ढिल्लं." रांगेतली सगळी सौदी मुले मग एका सुरात ओरडू लागली, ढिल्लं, ढिल्लं. ती मुलगी खालपर्यंत गेली. मी तिला पडू दिले नाही.

मोहियुद्दीनचाचा ११ फेब्रुवारी २०२३ रोजी, शनिवारी सकाळी, हर्णैला वारले.