दोऱ्याचा होला

“पुसून टाका की मावशी! लग्नाच्या फोटोत नवरीच्या गालावरचे फोड पुसतात, मग होल्याच्या पायातला दोरा पुसायला काय होतंय?”

तांडेल तिकीटखिडकीत कोपर टेकून उभा होता. लाँच सुटायला दहा मिनिटं होती, आणि तेवढ्यात अख्ख्या बेटाला फुकटचे सल्ले वाटून व्हायचे त्याचे. तिकीटवाल्या मावशींनी कॅमेरा त्याच्या हातून काढून घेतला.

“तू लाँच हाक. माझी अक्कल हाकू नकोस.”

पण त्यांचेही डोळे त्या दोऱ्यावरच होते. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर होला कसा ऐटीत बसला होता! तपकिरी अंग, कपाळ मात्र पिठात बुडवून काढल्यासारखं पांढरंफटक. कबुतराच्या जातीचा हा कपाळी होला फक्त याच बेटावरचा, आणि वीस वर्षांत त्याची एकही नोंद झाली नव्हती. ‘संपला’ असं कागदोपत्री ठरून गेलं होतं. म्हणूनच तर धक्क्यामागचं जंगल तोडून तिथे पाहुण्यांसाठी बंगले बांधायचं घाटत होतं. होला आहे असं पक्षिनोंद समितीने लिहून दिलं, तर काम थांबणार होतं. महिना उरला होता.

आणि नेमका याच्या उजव्या पायात लाल दोरा, म्हणजे बघणारा म्हणणार पाळलेला. बांधणारीही दुसरी कुणी नव्हे, मावशीच!

गेल्या वर्षी वादळाच्या सकाळी तो याच खिडकीच्या काचेवर येऊन आपटला होता. मावशींनी त्याला चपलांच्या खोक्यात नऊ दिवस ठेवलं, ड्रॉपरने पाणी पाजलं, मऊ फळं चुरून भरवली. कॅमेरा तेव्हा पैलतीरी दुरुस्तीला, म्हणजे फोटोच्या नावाने शून्य. सोडताना राहवेना, म्हणून स्वेटरचा धागा ओढून पायात सैलसा बांधला. पुन्हा दिसला तर कळेल तरी, जगला म्हणून.

जगला! परवा दोन लाँचांच्या मधल्या वेळात मावशी नेहमीसारख्या पक्षी नोंदायला जंगलात गेल्या, तर पडलेल्या फळांपाशी दोन होले. एकाच्या पायात दोरा, दुसऱ्याचा पाय कोरा. थंड डोक्याच्या माणसाने कोऱ्या पायाचा टिपला असता. पण मावशींना तो दोरा दिसला आणि हात आपोआप तिकडे वळला. आपल्या माणसाकडे वळावा तसा. पुढच्या क्षणी दोघेही भुर्र. दुसऱ्याची नुसती शेपटी आली होती फोटोच्या कडेला, तीही धूसर.

संध्याकाळी मावशी स्टुडिओत गेल्याच. स्टुडिओवाल्याने जांभई देत दोरा पुसला. “आणखी काही? मागची फांदी काढू?”

“फांदी राहू दे मेल्या, तिच्यावर बसलाय तो.”

पुसलेला फोटो समितीला गेला. कॅमेऱ्यातला मूळ फोटोही उडवून टाका, असं तांडेलाने बजावलं होतं. मावशींचं बोट बटणावर गेलंही होतं. पण तो जगल्याची तेवढी एकच खूण होती. नाही उडवला.

आठव्या दिवशी समितीचे साहेब दुपारच्या लाँचने आले. उतरले तेच हसत. “मावशी, कमाल केलीत! चौदा वर्षं नोंदी पाठवताय, पण ही म्हणजे कळस. आता फक्त कॅमेऱ्यातला मूळ फोटो दाखवा, नियम आहे.”

मावशींनी कॅमेरा पुढे केला. दुसरं करणार तरी काय?

साहेबांनी फोटो मोठा केला. पायापाशी आले आणि थांबले. हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतलं मात्र गेलं.

“हा दोरा?”

मावशींनी सगळं सांगितलं. काच, खोकं, स्वेटर. तांडेल मध्येच म्हणाला, “मी पाहिलंय साहेब! आईशप्पथ!”

“सगळं खरं असेल,” साहेब म्हणाले. “दोऱ्यासकट पाठवला असतात ना, तर मी तुमच्यासाठी भांडलो असतो. तुमची चौदा वर्षं पुढे केली असती, जंगलात माणसं बसवली असती. आता कुठल्या तोंडाने भांडू? ते म्हणतील, बाईने दोरा पुसला, मग होलाही पाळलेलाच आणून सोडला असेल.”

“आणि माझ्या आधीच्या नोंदी?”

साहेबांनी कॅमेरा परत दिला, अगदी हळू, दोन्ही हातांनी. “त्याही यादीतून काढतील, मावशी.”

परतीच्या लाँचमध्ये ते पाठ करून बसले.

महिना भरला. सकाळच्या पहिल्या लाँचमधून बारा माणसं उतरली, खांद्यांवर यांत्रिक करवती. मावशींनी एकेकाचं तिकीट तपासलं.

“सामानाची पावती वेगळी लागते,” त्या म्हणाल्या.

“करवतीची पण?” मुकादम वैतागला.

“वजन आहे तिला.”

बारा करवती, बारा पावत्या. मावशींनी एकेक सावकाश लिहिली. रांग खोळंबली, शिव्या सुरू झाल्या. इतक्यात धक्क्यामागच्या झाडीतून खोल, भरल्या गळ्याचं घुमणं आलं. एकदा, मग पुन्हा.

“हे काय ओरडतंय, मावशी?” मुकादमाने विचारलं. “आत काही आहे का?”

मावशींनी शेवटच्या पावतीवर शिक्का मारला.

“कागदावर तरी नाही,” त्या म्हणाल्या, आणि पावती वाळेपर्यंत तिच्यावर फुंकर घालत राहिल्या.