मागच्या पडवीतलं इंजिन

नवरा कुवेतहून कायमचा घरी आला की बायकोच्या अंगावर सोनं चढतं, अशी महाडात समजूत आहे. महरुन्निसाच्या वाट्याला इंजिन आलं. तेही गंजलेलं, बंद पडलेलं, दोन माणसांपुरत्या कुठल्याशा विलायती गाडीचं. आणि ते येऊन बसलं थेट तिच्या मागच्या पडवीतल्या दगडी ओट्यावर, जिथे ती आजवर पापड वाळवत होती.

गाडीची हकीकत अशी. फार वर्षांपूर्वी मुंबईचा कुणी साहेब ती लाल, बिनछपराची गाडी घेऊन महाबळेश्वरला निघाला आणि गाडी आंबेनळी घाटात बसली. साहेबाने ती पोलादपूरच्या सदूच्या गोठ्यात लावली, एसटी पकडली आणि ‘तूच ठेव’ असा निरोप धाडून मोकळा झाला. सदूने तिच्यात कोंबड्या ठेवल्या. हा सदू तिच्या नवऱ्याचा, हसनचा, शाळासोबती. हसन परत आल्यावर त्याने कोंबड्या हाकलून गाडी दाखवली, तेव्हा हसनचे डोळे जसे लकाकले तसे ते महरुन्निसाने लग्नातही पाहिले नव्हते.

मुलगा तौकीर ट्रकांचा धंदा सांभाळायचा. तो म्हणाला, “अब्बा, आमच्या गॅरेजवाल्यांना सांगतो. चार दिवसात खोलून बसवतील.”

झालं, हसनचं डोकं फिरलं. “आख्खी उमर कुवेतात इंजना बांधली मी! ह्याला दुसऱ्या कुनाचा हात लागता कामा नाय. माज्या हातानं नाय झाला, तर ही पान्यांची पेटी तुजी. मग मी हाय नि माजी खाट हाय.”

तौकीरला ठाऊक नव्हतं ते महरुन्निसाला ठाऊक होतं. हसनचा उजवा हात कापायचा. चहाची बशी तो आता डाव्या हातात धरायचा आणि उजवा खिशात कोंबायचा, जणू घरच्या बाईला डोळेच नाहीत! आखातातून आलेली आणि मग खाटेवर बसून हळूहळू गप्प होत गेलेली माणसं तिने मोहल्ल्यात पाहिली होती. हसन घरभर बडबडायचा, तिला वैताग आणायचा, आणि तिला तो तसाच हवा होता.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. नट पिळायला जोर लागतो, तो त्याच्याकडे होता. पिस्टन गरम केले की त्यांतली पिन अलगद सरकते, म्हणून त्याने ते तिच्या बिर्याणीच्या पातेल्यात उकळले. तिने आरडाओरडा केला, पातेलं पुन्हापुन्हा घासलं आणि मनातून खूश झाली.

अडलं ते व्हॉल्व्हपाशी. हे भूछत्रासारखे लोखंडी तुकडे. प्रत्येकाला खरखरीत पेस्ट लावायची, लाकडी दांड्याला चिकटवायचा आणि दांडा दोन तळव्यांत धरून, पुढेमागे फिरवत, ज्याच्या त्याच्या जागेवर घासायचा. दाब एकसारखा हवा. हसनच्या हातात दांडा उड्या मारायचा. व्हॉल्व्ह बसला का हे बघायला तो वरून रॉकेल ओतायचा, आणि ते खालून ठिबकायचं. पुन्हा घासायचं, पुन्हा ठिबकायचं.

“पेष्ट बरी नाय,” शेवटी तो म्हणाला आणि उठला. पेस्टला काय धाड भरली होती!

महरुन्निसा दारातून बघत होती. तिला तो दांडा ओळखीचा वाटला. माहेरी, नाते गावात, म्हशी होत्या. लग्न होईपर्यंत घरचं ताक तिनेच केलं होतं, दोरीशिवाय, रवी अशीच तळव्यांत फिरवून.

शुक्रवारी हसन जुम्म्याच्या नमाजाला गेला आणि ती पदर खोचून पडवीत बसली. खरखर थांबून आवाज मऊ येईपर्यंत तिने एक व्हॉल्व्ह घासला. पुसला. दमट हवेत गंज धरू नये म्हणून, शिलाई मशीनला लावायची तसं, त्याला बोटभर खोबरेल लावलं आणि होता तिथे ठेवून दिला.

संध्याकाळी हसनने रॉकेल ओतलं. एक थेंब खाली आला नाही. त्याने तो व्हॉल्व्ह उचलून अगदी तोंडाजवळ नेला. चष्मा आत राहिला असेल, असं तिला वाटलं.

“बसला,” तो म्हणाला.

“पेष्ट सुदारली वाटतं,” ती म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी हसन निघताना दारात घुटमळला. “आज मला येल लागंल गो,” तो म्हणाला. मग दर शुक्रवारी त्याला वेळ लागू लागला. घरापासून मशीद हाकेच्या अंतरावर, पण हसनचा नमाज काही लवकर संपेना. व्हॉल्व्ह मात्र संपले.

अंगणात ओढून आणलेल्या गाडीत इंजिन चढलं त्या दिवशी सदू पोलादपूरहून मुद्दाम आला. तौकीर हँडल घेऊन उभा राहिला. वरचं झाकण तेवढं बसवायचं होतं. प्रत्येक इंजिनाच्या झाकणाला आतून हसन आपलं नाव कोरायचा, पुढचा मिस्त्री खोलेल त्यालाच दिसावं म्हणून. कुवेतातली किती इंजिनं त्याचं नाव पोटात घेऊन फिरत होती, हे महरुन्निसाने हजारदा ऐकलं होतं.

“जरा पूस गो ह्याला,” म्हणत त्याने झाकण तिच्या हातात दिलं.

तिने ते उलटलं. आत दोन नावं होती. ‘हसन’ कोपऱ्यात, बारीक. मधोमध ‘महरुन्निसा’, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक रेघ वाकडीतिकडी, घसरलेली, पुन्हा गिरवलेली. त्या हाताने एवढं लांबलचक नाव! तिला समोरचं दिसेनासं झालं.

“काम झ्याक हाय,” हसन तिच्या कानाशी पुटपुटला. “पन इंजनाला खोबरेल कोन लावतो गो?”

झाकण बसलं. तौकीरने हँडल मारलं. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि मग असं एका सुरात बोलू लागलं की सदूने टोपी उडवली.

“अब्बा, मानला!” तौकीर ओरडला. “हात अजून तसाच हाय तुमचा!”

हसनने उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता.

“माजा हात यो असा हाय,” तो म्हणाला. “व्हाल घासलेत ते तुज्या अम्मीनं.”

मग तो वाकला आणि पान्यांची पेटी फरफटत महरुन्निसाच्या पायाशी आणून ठेवली.