दाताळ्याचा दांडा

एम्ब्रिकने गवत ओढायच्या दाताळ्याचा दांडा ठोकून मोकळा केला, तेव्हा गुरोला वाटलं की आपल्या नवऱ्याने आता काही हातचं राखलं नाही. डकोटाच्या त्या माळावर औषधालासुद्धा झाड नव्हतं. घर मातीच्या ढेपांचं, जळण गवताच्या पिळांचं. बाळाच्या शवपेटीपायी पलंगाच्या फळ्या गेल्या होत्या. लांब आणि सरळ असं लाकूड म्हणजे तो एकच दांडा, मायदेशातल्या हालिंगदालहून जहाजातून आणलेला.

दांडा लागतच होता. पाद्री यायचा थेट उन्हाळ्याच्या तोंडाला, आणि त्याची वाट बघत कोणी मरायचं थांबत नसे. म्हणून हिवाळ्यात पुरताना पेटीच्या झाकणावर दांडा उभा धरायचा आणि भोवती माती लोटायची. पाद्री आला की दांडा उपसायचा, आणि त्या भोकातून त्याने तीनदा माती टाकायची. मग तो माणूस रीतसर पुरला गेला. तोवर तो नुसता झाकलेला.

बाळ जन्मलं होतं तेच किडकिडीत. दूध ओढायचं आणि दमून सोडून द्यायचं. शेजारची म्हातारी रान्दी बाळंतपणाला आली होती, तिने बाळाची निळसर नखं बघितली आणि दोघांना म्हणाली, "घरच्या घरी बाप्तिस्मा उरकून घ्या. बापाने केला तरी चालतो."

"पाद्रीबाबा येतील की उन्हाळ्यात," एम्ब्रिक म्हणाला. "टोपडं आहे, झबलं आहे. घाईने पाणी ओतायचं म्हणजे मूल मरणार हे आपणच देवाला सांगितल्यासारखं."

"तुझं आणि देवाचं काय ते तुम्ही बघा बाबा," रान्दी म्हणाली. "शेजारी राहतो ना तो तुझ्या."

एम्ब्रिक हसला नाही. त्याला धर्माची आख्खी प्रश्नोत्तरी तोंडपाठ होती, रविवारी चार घरची माणसं त्याच्याकडून प्रवचन ऐकून जात. त्याची श्रद्धा मोठी होती, आणि ती मोठी आहे हे त्याला ठाऊक होतं. असल्या माणसाशी संसार करणं सोपं नसतं.

पुढे हिमवादळ आलं. भर दुपारी दिवा लावावा लागला. गुरोला ताप चढला होता आणि बाळ तिच्या पोटाशी निळं पडत चाललं होतं. मायदेशी त्यांच्या खोऱ्यात लहानपणापासून एकच सांगितलेलं, बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला वर कोणी घेत नाही, ते वाऱ्यात रडत फिरतं. बाहेर वारा होताच. तिने एम्ब्रिकची बाही धरली.

"आत्ता कर. माझ्या बापाचं नाव ठेव, ओस्टेन. माझ्यासाठी कर."

"करतो," तो म्हणाला. "पाणी घेऊन येतो. तू डोळे मीट जरा."

तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा सकाळ झाली होती, बाळ फळीवर ठेवलेलं होतं आणि त्याच्या डोक्यावर टोपडं होतं. टोपडं ओलं होतं.

"केलास?" तिने विचारलं.

"केला. ओस्टेनच ठेवलं नाव."

त्या एका वाक्यावर गुरोने हिवाळा काढला. पोर गेलं, पण देवाच्या घरी पोचलं. ती रडायची ती सुद्धा जरा मोकळेपणाने. ज्या माणसाने आपला हट्ट बाजूला ठेवून तिच्या पोराला नाव दिलं, त्याच्यावर तिचा जीव लग्नानंतर कधी नव्हता इतका जडला. वादळातच गाय व्याली होती. तो तिला कोमट दूध आणून द्यायचा आणि ती त्याचा हात धरून प्यायची. रात्री आपण होऊन त्याच्या कुशीत जायची. तो तेवढा प्रार्थना आखडती घ्यायला लागला होता. दुःखाने असेल, असं तिला वाटलं. बायका नवऱ्यांना फार सांभाळून घेतात.

बर्फ गेलं, पाद्री आला. टेकाडावर चार घरची माणसं जमली. पाद्री तरुण होता, चिखलाने बरबटलेला आणि कामाला चोख. घरी केलेल्या बाप्तिस्म्याची चौकशी करायची रीत असते, ती त्याने सुरू केली.

"कोणी केला?"

"मी," एम्ब्रिक म्हणाला.

"कशाने?"

"पाण्याने. बर्फ वितळवून."

"शब्द कोणते?"

एम्ब्रिकने पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हटलं, एकही अक्षर न चुकता.

"पाणी पडलं तेव्हा मूल जिवंत होतं?"

हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. पाद्री तर उत्तर गृहीत धरून दांड्याकडे वळलाही होता. एम्ब्रिक हातातली टोपी फिरवत राहिला.

"गाय अडली होती," तो म्हणाला.

कोणाला काही कळलं नाही. गुरोला सगळं कळलं. तो पाण्यासाठी बाहेर पडला आणि आधी गोठ्यात गेला. बाळ सकाळी बरं प्यायलं होतं, तासाभराने काय बिघडतंय, देव आहे की, असं म्हटलं असणार त्याने मनाशी. वासरू ओढून काढलं, गाय वाचवली, मग हात धुऊन आला. तोवर तिच्या पोटाशी, ती झोपलेली असताना, सगळं आटोपलं होतं. त्याने बर्फ वितळवून ओतलं ते मढ्यावर. आणि हिवाळाभर ती त्याच गाईचं दूध त्याचा हात धरून प्यायली.

तिला त्याला तिथेच, सगळ्यांदेखत, त्या दांड्याने झोडपावंसं वाटलं.

"म्हणजे?" पाद्रीने विचारलं. "एम्ब्रिक, मेलेल्याला बाप्तिस्मा नसतो. तसं असेल तर मला माती टाकता येणार नाही."

"जिवंत होतं," गुरो म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मी जागी होते, पाद्रीबाबा. याला दिसलं नसेल, दिवा मंद होता. माझ्या पोटाशी होतं ते. पाणी पडलं तसं त्याने तोंड वाकडं केलं."

"देवासमोर सांगतेस?"

"देवासमोर."

रान्दीने मान खाली घातली. पाद्रीने एम्ब्रिकला खूण केली. त्याने दांडा दोन्ही हातांनी उपसला. हिवाळाभराची माती घट्ट बसली होती, दांडा निघता निघेना. मग भोकातून तीन मुठी माती गेली. पहिल्या मुठीचा आवाज आला, फळीवर पडल्याचा. पलंगाची फळी. गुरोला तो आवाज ओळखू आला.

घरी परतताना एम्ब्रिक दांडा खांद्यावर घेऊन तिच्या मागून चालत होता. जरा अंतर गेल्यावर त्याने तिला गाठलं. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता.

"खरंच तोंड वाकडं केलं का गं? मला तर तो गार लागला होता. पण माझे हातच गारठलेले. तू पाहिलंस ना?"

एक हो पुरे होता. त्याने तिला दिला होता तसाच तिनेही द्यायचा, की माणूस पुन्हा उभा राहिला असता, पुन्हा रविवारी प्रवचनं वाचली असती. गुरोला हे स्पष्ट दिसत होतं.

"मी झोपले होते," ती म्हणाली.

तो थांबला. "पण तू देवासमोर—"

"तू मला हिवाळाभर जे पाजलंस, तेच मी पाद्रीबाबांना पाजलं. पोराला माती मिळाली. वर घेतात की नाही ते आता तू विचार तुझ्या शेजाऱ्याला."

त्या दिवशी एम्ब्रिक जेवायला बसला आणि प्रार्थनेला त्याचं तोंड उघडेना. गुरोने चमचा खाली ठेवला.

"म्हण," ती म्हणाली.

त्याने म्हटली. दुसऱ्या दिवशीही तिने म्हणायला लावली, आणि रोज. पाठ होतीच. तो म्हणत असताना ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची, हात न जोडता.

गवत कापणीला आलं तसा त्याने दांडा धुतला आणि दाताळ्यात ठोकून बसवला. टोकाकडची वीतभर काळी पडली होती, ती घासूनही जाईना. दुसरं लाकूड नव्हतं. गुरो दारात उभी राहून बघत होती. तिने दोन दिवसांपूर्वी रान्दीला सांगितलं होतं, त्याला अजून नव्हतं सांगितलं.

"बसला का घट्ट?" तिने विचारलं.

"बसला."

"जपून वापर. हिवाळ्यात मला पुन्हा दिवस भरतायत, लागेल कदाचित."

एम्ब्रिकच्या हातातला हातोडा तसाच राहिला. तो तिच्या पोटाकडे बघायला लागला, आणि त्याचे ओठ हलले, सवयीने, आभार मानायला.

"ते राहू दे," गुरो म्हणाली. "या खेपेला पाणी मी आधीच उशाशी भरून ठेवणार आहे. तू खुशाल गोठ्यात जा."